मदत हवी आहे: नारळ पृथ्वीला ओढतो, हे मुलांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात चोडणला नववीच्या पाच-सहा मुलांची शिकवणी घेते. सध्या न्यूटनचा तिसरा नियम चालू आहे: एका वस्तूने दुसरीवर बल लावलं की दुसरीही पहिलीवर तेवढंच, उलट दिशेने बल लावते; ही झाली बलांची जोडी. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते, हे मांडवीकाठच्या पोरांना सांगावं लागत नाही.

खरा घोळ टेबलावरच्या नारळाचा. सगळे म्हणतात, नारळाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही जोडी. (मीही बीएडपर्यंत तेच समजत होते!) पण ही दोन्ही बलं नारळावरच लागतात, जोडीतली बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. वजनाची जोडी म्हणजे नारळाने पृथ्वीला वर ओढणं. दीड किलोचा नारळ असेल तर दोन्हीकडे सुमारे १५ न्यूटन. पृथ्वीचं वस्तुमान अफाट, म्हणून ती हललेली कळत नाही. यावर उत्तर आलं, "टीचर, थापा मारू नका!"

दोन स्प्रिंगचे काटे एकमेकांत अडकवून ओढले, आकडे सारखे आले. पण स्पर्शाविना लागणारं बल कसं दाखवू? टबात दोन करवंट्या तरंगवून एकीत चुंबक, दुसरीत खिळे ठेवायचा विचार आहे. कोणी केलंय का? करवंट्या कलंडतात का? चतुर्थीच्या सुट्टीआधी सांगाल तर बरं.