मदत हवी आहे : घरी केलेल्या पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) ट्रॅक एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं विरघळवताना) तुटतात

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत द्राक्षबागेच्या ठिबकसाठी टायमरचा बोर्ड करतोय. एका बाजूला तांबं असलेला एफआर-४ (काचतंतूंचा बोर्ड), जाडी 1.6 मिमी, आकार 70×100 मिमी. मासिकाच्या गुळगुळीत पानावर लेझर प्रिंट, मग इस्त्रीने त्यावरचा टोनर तांब्यावर उतरवला. ट्रॅक (तांब्याच्या रेघा) 0.4 मिमी, उरलेल्या जागेत ग्राउंड (शून्य व्होल्टचं सलग तांबं) भरलंय. तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराईड गेल्या वर्षीचं, गार, डबा स्थिर. 50 मिनिटांनी कडेचे ट्रॅक तुटले, ग्राउंडवर सुईने टोचल्यासारखी भोकं, आणि मधे तांबं तसंच! कागद बदलू की टोनर?

राळ_आणि_शिसं
दोन्ही राहू द्या, आधी द्रावण बदला. कडेला ताजं द्रावण सहज पोचतं, म्हणून कडा आधी खाल्ली जाते. मधलं तांबं जायची वाट बघत तुम्ही बोर्ड बुडवून ठेवलात, तेवढ्यात कडेचे ट्रॅक टोनरखालून आडवे खाल्ले गेले. टोनरच्या थरात बारीक छिद्रं असतातच. दहा-पंधरा मिनिटं ती निभावतात, पन्नास मिनिटं नाही.

लिटरभर पाण्याला साधारण 500 ग्रॅम फेरिक क्लोराईडचे खडे. खडे पाण्यात थोडे थोडे टाका, खड्यांवर पाणी ओतू नका. कोरडी पावडर असेल तर द्रावण चांगलंच तापतं. प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवून 40-45 अंशावर आणा. स्टीलचं भांडं नको, तेही खाल्लं जातं. बोर्ड तांब्याची बाजू खाली करून धरा, म्हणजे गाळ आपोआप सुटून तळाशी जातो. डबा सतत हलवत राहिलात तर 35 मायक्रॉनचं तांबं 10-15 मिनिटांत साफ. डाग फरशीवरून जात नाही, खाली वर्तमानपत्र घाला.

कुपवाड_बेंच
टोनरचीही थोडी चूक आहे हो. प्रिंटरचा टोनर सेव्ह बंद आहे ना? मोठ्या काळ्या भागात लेझर प्रिंट मुळातच विरळ येते. तरी ग्राउंड काढू नका, त्यामुळे विरघळवायचं तांबं कमी होतं. भोकं बोर्ड बुडवण्याआधीच परमनंट मार्करने बुजवा. ट्रॅक जागा असेल तिथे 0.8 मिमी करा, 0.4 फक्त आयसीच्या (चिपच्या) पायांमधून नेताना.

इस्त्री वाफेची असेल तर तिच्या तळाच्या भोकांखाली टोनर चिकटत नाही. साधी इस्त्री घ्या, कॉटनवर, दोन-तीन मिनिटं. जास्त दाबलंत तर ट्रॅक पसरून शेजारच्याला भिडतो. मग गार पाण्यात वीस मिनिटं भिजवा, कागद ओढू नका, अंगठ्याने चोळून काढा. ट्रॅकमधले तंतू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर तिथे बुडबुडे अडकून तांबं राहतं.

आणि इस्त्रीआधी बोर्ड 600 नंबरच्या पॉलिश पेपरने ओला घासून पाण्याखाली धरा. पाणी सलग पसरलं तर तांबं स्वच्छ, थेंब थेंब झालं तर बोटांचं तेल अजून आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा हात लावू नका.

मिरजेचा_मल्टिमीटर
प्रिंट मिरर (आरशातल्यासारखी उलटी) केलीत ना? न केल्यास सगळं उलटं येईल.

राळ_आणि_शिसं
नाही, इथे मिरर केली तर उलटं येईल. खालचा थर सॉफ्टवेअरमध्ये वरून, बोर्डातून आरपार पाहिल्यासारखा दिसतो. कागद पालथा घातला की तो एकदा उलटतोच. म्हणून खालच्या थराला मिरर नको, वरच्याला हवा. खूण सोपी : खालच्या थरावर लिहिलेली अक्षरं कागदावर उलटी दिसली पाहिजेत. स्केल 100 टक्के ठेवा. 'फिट टू पेज' असेल तर आयसीच्या पायांमधलं 2.54 मिमी अंतर चुकतं.

विश्रामबागकर
कळलं, धन्यवाद. बोर्डावरच्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) थेट 3 एचपी मोटर चालवायची आहे, त्याचे ट्रॅक किती रुंद?

कुपवाड_बेंच
मोटर बोर्डावरून नेऊच नका. रिलेने फक्त स्टार्टरच्या काँटॅक्टरचं (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या चुंबकी स्विचचं) कॉइल चालवा, त्याला 2 मिमीचा ट्रॅक भरपूर. 230 व्होल्टची बाजू 5 व्होल्टपासून किमान 6 मिमी लांब, आणि मधे ग्राउंड भरू नका. काँटॅक्टरच्या कॉइलला समांतर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स२ (घरच्या विजेवर थेट लावायचा) कपॅसिटर एकमेकांना सिरीजमध्ये जोडा, नाहीतर कॉइल सुटताना मायक्रोकंट्रोलर रिसेट होईल. काँटॅक्टर 415 व्होल्ट कॉइलचा असेल तर हे आकडे लागू नाहीत, आधी त्याच्यावरचा मजकूर वाचा.

वापरलेलं द्रावण मोरीत किंवा शेतात ओतू नका, त्यात तांबं आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका, फेस यायचा थांबला की गाळ बसू द्या. तो वाळवून बंद डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

विश्रामबागकर
ड्रिलचा बिट कोणता?

राळ_आणि_शिसं
रेझिस्टरला 0.8 मिमी, 1एन4007 डायोडला 1.0, स्क्रू टर्मिनलला 1.3. एफआर-४ मधल्या काचेमुळे साधा बिट दहा-वीस भोकांत बोथट होऊ लागतो. कार्बाइड टिकतो, पण हातात धरून मारलात तर मोडतो, स्टँड हवाच. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावा. पॅडच्या (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) मधोमध 0.4 मिमीचं भोक एचिंगमध्येच पाडून ठेवा, बिट घसरत नाही.