बेढब बदल केलेली मारुती ८००: दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

प्रश्न: २००४ ची मारुती ८०० स्वस्तात मिळाली आहे, मात्र आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून ती खाली बसवली आहे आणि रुंद टायरांसाठी चाकांवरचा पत्राही कापला आहे. ती मूळ रूपात आणावी का?

उत्तर १: ७९६ सीसीच्या इंजिनाची फारशी चिंता नको. आधी गाडी वर उचलून तळाचा पत्रा आणि सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा) जिथे बसते ती जागा तपासा, कारण तिथे गंज खोलवर गेला असेल, तर रंगरंगोटीवरचा खर्च व्यर्थ आहे.

उत्तर २: सहमत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे, मूळ रचना बदललेली असल्यास पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणात अडचण येऊ शकते.

उत्तर ३: मोडीत काढायचीच झाल्यास गाड्या मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि तिथले ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीसाठी जमा केल्याचा दाखला) अवश्य घ्या.