मदत हवी आहे : मधुमेहात रूट कॅनालनंतर हाड भरून येण्यासाठी किती थांबावे?

माझ्या आईचे वय ६४ असून तिला १५ वर्षांपासून मधुमेह आहे. सहा महिन्यांपूर्वी तिच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. मुळाशी पू झाला होता आणि हिरडीवर मुगाएवढी पुळी येऊन वरचेवर फुटत असे. डॉक्टरांनी दाढ लगेच कायमची न भरता मुळांतल्या नळ्या धुऊन आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध ठेवले, पुळी सुकल्याची खात्री झाल्यावर भरण केले आणि मग कॅप बसवली.

आता दाढ दुखत नाही, चावताना त्रास होत नाही, पुळीही परत आलेली नाही. मात्र परवाच्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे हाड झिजलेली जागा, दिसतोच. जुन्या एक्स-रेशेजारी धरला की तो जरा आक्रसल्यासारखा आणि कडेने धूसर झाल्यासारखा वाटतो, एवढेच. आमचे डॉक्टर थांबायला सांगतात. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र "शुगर असल्यावर हाड भरत नाही, दाढ काढून टाका" असे सांगितल्यापासून आई फार खचली आहे.

मला समजले ते असे, की मुळाशी हाड भरून यायला मधुमेह नसलेल्यांनाही सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत आणि बारीक रक्तवाहिन्यांतून होणारा पुरवठाही मंदावतो, त्यामुळे हाच काळ आणखी लांबतो. पण दाढ काढली तरी ती जखम त्याच शरीराला भरून काढायची आहे, म्हणून केवळ मधुमेहाचे कारण देऊन चांगली टिकलेली दाढ काढणे माझ्या मनाला पटत नाही. उपचारांच्या वेळी आईचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ९.१ होते, आता ७.६ आहे. मधल्या काळात गोळ्याही बदलल्या, तेव्हा याचे श्रेय पू गेल्याला देता येईल असे मी म्हणणार नाही.

ज्यांच्या घरी मधुमेही व्यक्तीचे असे रूट कॅनाल झाले आहे, त्यांनी डाग पूर्ण जायला किती महिने लागले आणि एक्स-रे किती अंतराने काढले ते कृपया सांगावे. दंतवैद्यक जाणणाऱ्यांना माझा प्रश्न असा, की त्रास काहीच नसताना डाग किती काळ तसाच राहिला तर पुन्हा रूट कॅनाल करण्याचा किंवा मुळाचे टोक शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार करावा? पुढच्या आठवड्यात रूट कॅनाल तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांना आवर्जून काय विचारावे, हेही कळवल्यास आभारी राहीन.