सेलिगमनला थांबावे की नाही?
ॲरिझोनातील सेलिगमन गावात स्मरणवस्तूंच्या दुकानांपलीकडे काही नाही, त्यामुळे तेथे न थांबता पुढे जावे, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. १९२६ साली अस्तित्वात आलेल्या रूट ६६ या शिकागो ते लॉस एंजेलिस परिसर जोडणाऱ्या जुन्या महामार्गावरील हे गाव बऱ्याच अंशी वाटसरूंवर जगत होते. १९७८ मध्ये इंटरस्टेट ४० हा नवा द्रुतगती महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि तेथील वर्दळ एकाएकी थांबली. गाव ओस पडू नये म्हणून एंजल डेल्गाडिलो या केशकर्तनकारांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये संघटना उभारली आणि राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवला, हे ठाऊक असले की त्या दुकानांमागची धडपड दिसू लागते. माझ्या मते ही धडपडच तेथील खरे प्रेक्षणीय आहे.

सेलिगमनहून निघताना इंटरस्टेटऐवजी पीच स्प्रिंग्ज व हॅकबेरीमार्गे किंगमनला जाणारा, सुमारे १४० किलोमीटरचा जुना रस्ता अवश्य घ्यावा. तो लांबचा आहे, पण हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीतून जातो आणि त्यावर रहदारी फारच तुरळक असते. वाटेत वस्ती विरळ असल्याने इंधन सेलिगमनलाच भरून घेणे बरे.