प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्या लॅमिनेट करू नका
औरंगाबादच्या कॉलेजातल्या 1958 पूर्वीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल वह्या लॅमिनेट कराव्यात का, असं एकाने विचारलंय. कृपा करून नको! गरम प्लास्टिकमध्ये चिकटलेला कागद पुन्हा धडपणे सुटत नाही आणि त्यातलं आम्ल आतच राहतं. टायट्रेशनच्या (द्रावण थेंबथेंब घालून मोजायच्या प्रयोगाच्या) आकड्यांभोवती तपकिरी कडा दिसतात का बघा. ती लोहयुक्त शाईची खूण; अशा शाईने कागद तिथेच आधी तुटतो. सेलोटेपही टाळा. आधी फोटो काढा, मग आम्लरहित कागदात गुंडाळून वह्या आडव्या ठेवा.

मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 चं. त्याआधी कॉलेजांची संलग्नता हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी होती, म्हणून परीक्षेच्या नोंदी हैदराबादकडे शोधा. निजामकालीन कागदावर फसली सन (निजाम राज्यातली सरकारी कालगणना) असेल तर इसवी सन काढायला त्यात ऑक्टोबर-डिसेंबरसाठी 590 आणि जानेवारीपासून 591 मिळवा. इथेच वर्ष चुकतं.