कमठ्याच्या (धनुष्याच्या) दोरीला काय म्हणायचं?

वेळूवाला: भाच्याचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, सातपुड्यातल्या भिल्लांचं शिकारीचं धनुष्य. घरीच बांबूचं एक बनवलं (शिकारीला कायद्याने बंदी आहे, आपण पुठ्ठ्यावर मारतोय, लगेच सुरू होऊ नका) आणि कृती मराठीत लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीला गाडी अडली. "प्रत्यंचा चढवा" लिहिलं तर भाचा म्हणतो मामा हे काय सीतास्वयंवर आहे का. दोरी लिहावं तर भिल्लांच्या धनुष्याला दोरी अशी नसतेच, बांबूच्याच सालीची चिवट पट्टी काढून लावतात. मग तिला म्हणायचं तरी काय?

खानदेशी: दोरीच म्हण ना भाऊ. अंगणात लोखंडी तार बांधलेली असते तरी आई म्हणतेच, कपडे दोरीवर टाक. आणि धनुष्य कशाला, कमठा लिही, तीरकमठा तर पोरंसोरं पण म्हणतात. मला तर कमठा म्हटलं की आकाशकंदिलाच्या कामट्याच आठवतात, दोन्ही शब्द एका मुळाचे की नाही ते जाणकारांनी सांगावं, बांबू दोन्हीकडे आहे एवढं नक्की.

गणिताच्या बाई: दोरीला आपल्याकडे शब्द कमी नाहीत हो, आपण ते वहीत कोंडून ठेवलेत! वर्तुळाची जीवा शिकवते ना मी, ती म्हणजे धनुष्याची दोरीच. चाप म्हणजे धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी जीवा नाहीतर ज्या, आणि मधली उंची तिला जुन्या गणितात शर म्हणायचे, म्हणजे चक्क बाण लावलेला आहे. त्रिकोणमितीतलं ज्या (साइन) पण इथूनच, अर्ध्या जीवेवरून आलंय, आणि कोज्या (कोसाइन) म्हणजे कोटिज्या, कोटि म्हणजे धनुष्याचं टोक. पोरं पाठ करतात पण एकाला धनुष्य दिसत नाही. गुण म्हणजे पण दोरीच बरं का, फक्त आता तो पेपरात मिळतो 😄

जुनं दप्तर: चिल्ला विसरलात सगळे, तो पण धनुष्याच्या दोरीचाच शब्द. तीर, कमान, चिल्ला सगळी फारशीची मंडळी. कमान आता दारावर जाऊन बसली. तिरंदाजातलं अंदाज पण तिकडचंच, फेकणारा किंवा मारणारा अशा अर्थाचं, म्हणून गोलंदाज आधी तोफेवर होता आणि मग क्रिकेटमध्ये आला. पण प्रोजेक्टात चिल्ला नको, वाचणाऱ्याला डाळीचं धिरडं वाटेल.

वेळूवाला: बाई, शर भारी आहे, चित्रात टाकतो. कृतीत मात्र कमठा आणि दोरीच ठेवतो. बांबूच्या सालीकडच्या बाजूला पाठ आणि आतल्या बाजूला पोट लिहिलंय, चालेल ना? साल बाहेर ठेवायची कारण वाकवला की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं, हे भाच्याला बरोबर समजलं. दोरी अडकायला टोकांना खाच, ती पाठीत खोल घेतली की तिथूनच चिरतो. आता एकच अडलंय, बाण न लावता नुसतंच ओढून सोडणे याला शब्द काय? काल भाच्याने तेच केलं, सगळा जोर कमठ्यातच राहिला आणि मुठीच्या वर टचकन चीर गेली.

खानदेशी: शब्द नको शोधू, "बाण न लावता दोरी सोडू नका" असं लाल पेनने लिही. आणि दुसरा बांबू आण.

वेळूवाला: आणलाय, तासतोय. पेराची गाठ किती ठेवायची ते कळत नाहीये पण तो वेगळा धागा.