मदत हवी आहे: आत्याच्या ऑपरेशनच्या काळात तिची कुत्री कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी,

माझी आत्या ७४ वर्षांची, करी रोडच्या चाळीत एकटी राहते. पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर ती ठाण्याला माझ्याकडे येईल, निदान तीन महिने. अडचण चिंगीची आहे. चिंगी आपली साधी गावठी कुत्री, नऊ वर्षांची. पावसाळ्यात जिन्याखाली भिजत पडलेलं पिल्लू आत्याने उचललं, तेव्हापासून तिच्याच खोलीत झोपते. माझ्या नवऱ्याला दमा आहे आणि केसांनी त्रास वाढतो, त्यामुळे आमच्याकडे आणता येत नाही.

दोन प्राणी-निवाऱ्यांना फोन केले. एकांनी नम्रपणे जागा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले, पण आत येऊन बघू देणार नाही म्हणाले. चाळीतले एक काका म्हणतात, गल्लीत सोडा, कुणीतरी भाकरी घालेलच. ते ऐकून आत्या दोन दिवस जेवली नाही. आता ऑपरेशनच नको म्हणते आहे.

हे निवारे नेमके चालतात कसे? पाळलेलं जनावर थोड्या दिवसांसाठी घेतात का? परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतील का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

रानवारा:
ताई, मी सहा वर्षं दर रविवारी एका निवाऱ्यात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जागा नाही म्हणाले ते खरं बोलले. आमच्याकडे सकाळी फोन सुरू होतात ते गाडीखाली आलेली, जखमेत किडे पडलेली, मांज्यात अडकलेली जनावरं घेऊन. पिंजरे त्यांनीच भरतात. डॉक्टरांचा पगार, औषधं, गाडीचं डिझेल, सगळं देणग्यांवर. रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा आम्ही कायमचे ठेवत नाही. नसबंदी आणि रेबीजची लस झाली, टाके भरले, की ज्या गल्लीतून उचलले तिथेच परत सोडतात. नियमच तसा आहे. कानाला कापलेली खूण दिसते ना, ती त्याचीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नऊ वर्षं एका खोलीत राहिलेली कुत्री चाळीस भुंकणाऱ्या कुत्र्यांत ठेवली की बहुतेकदा पहिले काही दिवस तोंडात घास घेत नाही. मी हे फार वेळा पाहिलंय. वर डिस्टेंपर, पार्व्हो, खोकला अशा एकमेकांना लागणाऱ्या आजारांची भीती असतेच, कारण येणारं प्रत्येक जनावर कुठून काय घेऊन आलंय ते लगेच कळत नाही. म्हणून कुणी धडधाकट पाळीव कुत्रा घेऊन आलं की आम्ही आधी विचारतो, तुम्हाला तो घरीच ठेवता यावा म्हणून काय करू? स्वस्तात लस, नसबंदी, औषधं, सांभाळणारं तात्पुरतं घर शोधून देणं, हे बऱ्याच ठिकाणी होतं. तुम्ही फोनवर "ठेवाल का" विचारलंत. आता "सांभाळणारं घर शोधायला मदत कराल का" असं विचारून बघा.

आणि आत बघू देत नाहीत तिथे चिंगीला अजिबात देऊ नका. चांगल्या ठिकाणी आलेल्या-गेलेल्या-मेलेल्या जनावरांची नोंदवही असते, नव्या आणि आजारी जनावरांची खोली वेगळी असते, डॉक्टर कधी येतात ते सांगता येतं.

परळकर:
बैलघोडा हे रुग्णालय आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट हे त्याचं नाव, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. ते चालवणारी संस्था १८७४ ची. नावाप्रमाणे बैल-घोड्यांसाठी सुरू झालं, आता कुत्री-मांजरं, पक्षी सगळे येतात. आजारी जनावर दाखल करून घेतात. निरोगी कुत्री तीन महिने ठेवायची ती जागा नव्हे. पण तुमच्या आत्यांच्या घरापासून जवळ आहे, तेव्हा ऑपरेशनआधी केसपेपर काढून चिंगीची तपासणी नक्की करून घ्या. तिची नसबंदी झाली आहे का?

आणि त्या काकांना सांगा, पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शिवाय गल्लीतली कुत्री तिला टिकू देणार नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. नसबंदी झालेली नाही. रेबीजची लस दरवर्षी होते, बाकीच्या लशी लहानपणीच झाल्या.

रानवारा:
मग तपासणी ह्याच आठवड्यात करा. या वयात नसबंदी नसेल तर माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. खूप पाणी पिणं, मलूल पडणं, खालून घाण स्राव, यांतलं काही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही. सांभाळणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. राहिलेल्या लशींचंही डॉक्टरांना विचारा. कुठे न्यायचंच झालं तर त्या निदान दोन आठवडे आधी झालेल्या बऱ्या.

आणि एक विचारते. चाळीत कुणी चिंगीला ओळखणारं नाही का? आत्यांची खोली तीच, वास तोच, फक्त माणूस बदललं तर ती सर्वांत लवकर सावरेल.

धागाकर्ती:
रविवारी करी रोडला जाऊन आले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी चिंगीला रोज पोळी घालतातच. त्यांचा मुलगा बारावीला आहे, त्याला अभ्यासाला शांत खोली हवी होती. तो आत्याच्या खोलीत झोपेल, सकाळ-संध्याकाळ फिरवेल. खर्च माझ्याकडे. लसीची वही, डॉक्टरांचा नंबर, ती काय खाते (दूध-पोळी नाही, पोट बिघडतं), सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. शुक्रवारी-शनिवारी आत्या माझ्याकडे येऊन राहिली, म्हणजे रंगीत तालीम झाली. पहिल्या रात्री चिंगी दाराशी बसून राहिली. दुसऱ्या रात्री आत्याचं जुनं लुगडं अंथरलं, त्यावर झोपली आणि सकाळी जेवली.

गुरुवारी बैलघोड्यात तपासणी आहे. रानवारा, नसबंदी आत्ता करावी की आत्या चालायला लागल्यावर, हे डॉक्टरांना कसं विचारू? तिला जखम चाटू न देण्याइतकं लक्ष तो मुलगा ठेवू शकेल का, याची मला काळजी वाटते.